अडीच किलोचीच बाळं का?

बिल सत्त्याण्णव रुपये झालं, तरी घरी आपण ‘शंभर गेले’ असंच सांगतो. आकडे गोल करायची ही खोड आरोग्याच्या नोंदींतही शिरते.

जालना जिल्ह्यात, समजा भोकरदनकडच्या एखाद्या खेड्यात, आशाताई बाळंतिणीच्या घरी जाते. दवाखान्यात बाळंतपण झालेलं असेल तर ४२ दिवसांत सहा भेटी, त्यात बाळाचं वजन. बाळ हातपाय झाडतं, काटा डुलतो, आणि वहीत उतरतं २.५०.

चूक पकडायला ताईच्या मागे फिरावं लागत नाही. दहा ग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर शेवटचा अंक पाहा, म्हणजे २.४३ मधला ३. पुष्कळ बाळं नीट मोजली तर ० ते ९ हे सगळे अंक साधारण सारखेच येतात, फासे टाकल्यासारखे. शून्य आणि पाचाचीच गर्दी दिसली, तर वजन बहुधा गोल करून लिहिलंय!

अडीच किलोखालचं बाळ ‘कमी वजनाचं’ धरतात. २.४३ चे २.५० झाले, की ते जादा लक्ष द्यायच्या यादीतून गळतं. वहीऐवजी मोबाइल दिला म्हणून हे थांबत नाही. गोल आकडा तिथेही तितक्याच सहज टाइप होतो. आणि डुलणाऱ्या काट्यावर नेमका अंक वाचताच येत नसेल, तर दोष ताईचा नाही. म्हणून गर्दी दिसली की ताईला नोटीस देण्याआधी तिचा काटा तपासावा.