छेदातली माणसं

मुलाला सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात प्रवेश मिळाला की घरात आधी पेढे येतात आणि मग कुणीतरी हळूच फोनवर शोधतं, हे शहर सुरक्षित आहे का? उत्तर वाचून पोटात गोळा येतो. अमेरिकेतल्या धोकादायक शहरांच्या याद्यांमध्ये सेंट लुईसचं नाव वर्षानुवर्षं अगदी वर असतं. 2020 मध्ये तिथे 260 हून जास्त खून झाले, म्हणजे दर लाख वस्तीमागे सुमारे 87. देशाचा त्या वर्षीचा दर होता सहा-सातच्या घरात.

आता नकाशा उघडा. त्या विद्यापीठाचा मुख्य परिसर बहुतांशी सेंट लुईस शहरात नाहीच! फॉरेस्ट पार्क नावाच्या विस्तीर्ण बागेच्या पश्चिमेला शहराची हद्द संपते आणि सेंट लुईस काउंटी सुरू होते. काउंटी म्हणजे ढोबळमानाने आपल्याकडचा जिल्हा. परिसराचा मोठा भाग त्या काउंटीत आहे. आईची झोप उडवणारा आकडा हद्दीच्या अलीकडचा आणि मुलाचा वर्ग पलीकडचा. वैद्यकीय शिक्षणाचा परिसर मात्र शहरात येतो. एकच विद्यापीठ, आणि आकडेवारीच्या वहीत दोन वेगळी पानं.

ही हद्द आखली गेली 1876 मध्ये. तेव्हा मिसिसिपीच्या काठावरचं सेंट लुईस श्रीमंत होतं आणि भोवतालची काउंटी शेतकऱ्यांची. आपल्या करातून खेड्यापाड्यांचा खर्च का भागवायचा, असं शहरातल्या पुढाऱ्यांना वाटलं. वेगळं होण्यासाठी मतदान झालं. पहिल्या मोजणीत प्रस्ताव पडला, मग गैरप्रकारांचे आरोप झाले, मतं पुन्हा मोजली गेली आणि निकाल फिरला. शहर काउंटीतून बाहेर पडलं. वाढायला भरपूर जागा ठेवली आहे, या खात्रीने त्यांनी जी रेघ ओढली ती आजही तिथेच आहे. घोडागाडीच्या काळातल्या एका फेरमोजणीने आजच्या गुन्ह्यांच्या आकड्याला आकार द्यावा, हे पहिल्यांदा समजलं तेव्हा मी कितीतरी वेळ त्या नकाशाकडे बघत बसलो होतो.

दर म्हणजे शेवटी भागाकार. वर गुन्हे, खाली माणसं. आपलं लक्ष वरच्या अंशाकडे असतं आणि छेदाकडे कुणी बघत नाही. बाकीची बरीच अमेरिकी शहरं वाढताना उपनगरं पोटात घेत गेली, तशी शांत वस्त्यांतली माणसं त्यांच्या छेदात भर घालत गेली. केंटकीतल्या लुईव्हिलने 2003 च्या जानेवारीत आपल्या काउंटीत विलीन होऊन अडीच लाखांची वस्ती एका रात्रीत सात लाखांच्या जवळ नेली. सेंट लुईसमध्ये 1926 ला आणि 1962 ला शहर-काउंटीला पुन्हा जोडण्याचे प्रस्ताव मतदारांनी फेटाळले. 2019 मधला प्रयत्न मतदानापर्यंतही पोचला नाही. म्हणून आज शहर तीन लाखांचं आहे, शेजारची काउंटी दहा लाखांची आणि सगळा महानगर परिसर अठ्ठावीस लाखांचा. दर काढताना खाली लिहिले जातात ते फक्त तीन लाख. बेसबॉलच्या सामन्याला काउंटीतून आलेल्या माणसाचं पाकीट स्टेडियमबाहेर मारलं गेलं, तर ती चोरी अंशात जाते. तो माणूस छेदात नसतोच. एफबीआय 1930 पासून देशभरातले हे आकडे गोळा करते आणि त्यांच्या आधारे शहरांची क्रमवारी लावू नका असं स्वतःच बजावते.

याहून चटका लावणारी आकड्यांची एक जोडी आहे. 1993 मध्ये या शहरात 267 खून झाले. 2020 चा आकडाही जवळपास तेवढाच. पण 1993 चा दर लाखामागे 69 च्या आसपास होता, 2020 चा 87. बळी वाढले नाहीत, दर वाढला, कारण मधल्या काळात माणसं निघून गेली होती. 1950 मध्ये या शहरात 8,56,796 लोक राहत होते. 2020 च्या जनगणनेत उरले 3,01,578, म्हणजे 1880 पेक्षाही कमी. निघून गेलेला प्रत्येक माणूस छेदातून एक वजा करून जातो आणि मागे राहिलेल्यांचं शहर कागदावर आणखी भयंकर होतं.

कोण गेलं आणि कोण मागे राहिलं, हा निव्वळ आवडीनिवडीचा प्रश्न नव्हता. 1916 मध्ये इथल्या मतदारांनी काळ्या आणि गोऱ्या लोकांनी कुठे राहायचं हे ठरवणारा कायदा मतदानाने संमत केला. तसले कायदे पुढच्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवले, तेव्हा घरांच्या दस्तऐवजांतच अट लिहिली जाऊ लागली की हे घर काळ्या माणसाला विकायचं नाही. सेंट लुईसमधल्या लॅबडी अव्हेन्यूवरचं एक घर शेली नावाच्या काळ्या कुटुंबाने विकत घेतलं, शेजारी कोर्टात गेले आणि 1948 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की अशी अट कोणत्याही न्यायालयाला अमलात आणता येणार नाही. ते घर अजून उभं आहे. पण पुढच्या काही दशकांत गोरी कुटुंबं हद्दीपलीकडे गेली, त्यांच्यामागून दुकानं आणि कर गेले. आजही डेल्मार नावाचा रस्ता शहर कापत जातो. त्याच्या उत्तरेला वस्ती मुख्यतः काळ्या लोकांची आणि पडक्या घरांची, आणि दक्षिणेला चित्र झपाट्याने बदलतं. शहराचा सरासरी दर दोन्ही बाजूंना सारखाच लागू केला जातो.

आणखी जवळ जाऊन बघू. 1989 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात गुन्हेतज्ज्ञ लॉरेन्स शर्मन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मिनियापोलिस शहरात पोलिसांना वर्षभरात आलेले सव्वातीन लाखांच्या आसपास फोन पत्त्यांनुसार लावून पाहिले. निम्मे फोन आले होते अवघ्या 3 टक्के जागांवरून! वर्षभरातल्या सगळ्या जबरी चोऱ्या 2.2 टक्के जागांवर घडल्या होत्या. पुढे सिअ‍ॅटलपासून तेल अवीवपर्यंत अशीच दाटी सापडत गेली. गुन्हा शहरभर पावसासारखा पडत नाही. तो एखाद्या चौकात, एखाद्या दारूच्या दुकानापाशी, एखाद्या इमारतीच्या दाराशी साचतो, आणि दोन गल्ल्या सोडून लोक निवांत कुत्रं फिरवत असतात.

या माहितीने दिलासा मिळतो तो दोन गल्ल्या पलीकडच्यांना. त्या साचलेल्या कोपऱ्यावरही घरं आहेत, तिथून मुलं शाळेत जातात. तिथल्या आईसाठी लाखामागे 87 हा आकडा फुगवलेला नाही, तोकडा आहे. सरासरीने पेढे वाटणाऱ्या घराला विनाकारण घाबरवलं आणि या घराची भीती अर्धीमुर्धीच मोजली. याद्यांवरचा माझा खरा राग हा आहे.

पण दाटी असण्यात एक आशाही दडलेली आहे. शहर बदलणं अवघड, कोपरा बदलता येतो. 2012 मध्ये सेंट लुईसमध्येच गुन्हेतज्ज्ञ रिचर्ड रोझनफेल्ड यांनी अशा 32 कोपऱ्यांवर प्रयोग केला. काहींवर पोलिसांनी नुसती गस्त वाढवली, काहींवर स्वतःहून गाड्या आणि माणसं तपासली, काही होते तसेच ठेवले. जिथे पोलीस स्वतःहून काम करत होते तिथे बंदुकीचे हल्ले कमी झाले, बंदुकीच्या धाकाने होणारी लूट मात्र तेवढीच राहिली. मिनियापोलिसमधल्या पोलीस गस्तीच्या नोंदींतून तर आणखी विलक्षण गोष्ट हाती आली होती. पोलीस एखाद्या कोपऱ्यावर सलग दहा ते पंधरा मिनिटं थांबून निघून गेले, तर ते गेल्यानंतरही तिथली शांतता सर्वांत जास्त वेळ टिकते. त्याहून जास्त थांबून फारसं काही साधत नाही. आणि हुसकलेला गुन्हा शेजारच्या गल्लीत जातो ही आपली सगळ्यांची समजूतही बहुतेक अभ्यासांत खरी ठरली नाही. बऱ्याचदा आसपासच्या गल्ल्याही निवळल्या.

कोपरा बदलायला दर वेळी पोलीसच लागतात असंही नाही. उत्तर सेंट लुईसमधल्या ओसाड घरांना लालभडक विटांचा शाप आहे. या विटा इतक्या उत्तम, की चोर रिकाम्या घराला आग लावत. अग्निशमन दलाच्या पाण्याच्या माऱ्याने भिंतींतला चुना सैल झाला की सुट्या विटा गोळा करून दक्षिणेकडच्या राज्यांत विकत. घर नाहीसं व्हायचं, मागे उरायचं तणाचं रान. अशा जागांचं काय करावं, याचं एक उत्तर फिलाडेल्फियाने शोधलं. तिथे संशोधक चार्ल्स ब्रानस आणि सहकाऱ्यांनी 541 ओसाड भूखंड निवडले आणि चिठ्ठ्या टाकाव्यात तसे गट पाडले. काही भूखंडांवरचा कचरा काढला, माती सपाट केली, हिरवळ आणि थोडी झाडं लावली. 2018 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गरीब वस्त्यांत अशा भूखंडांच्या आसपास बंदुकीचा हिंसाचार 29 टक्क्यांनी घटला होता. बंदुका लपवायला तण उरलं नव्हतं आणि संध्याकाळी लोक बाहेर येऊन बसू लागले होते.

भूखंडाभोवती त्यांनी लाकडाचं ठेंगणं कुंपण घातलं. कचऱ्याचा ट्रक आत येऊ नये एवढंच त्याचं काम. माणसांना जाण्यायेण्यासाठी त्यात मुद्दाम वाट ठेवली होती.