मावळे लढायला लागले की…

दिवाळीचा किल्ला आम्ही दरवर्षी करायचो. दगडविटांचा ढीग, त्यावर ओलं पोतं, पोत्यावर मातीचा राडा, उतारावर अळीव पेरलेलं. बाजारातून आणलेले मावळे बुरुजाबुरुजावर उभे, आणि सगळ्यात वर सिंहासनावर महाराज. चार दिवस ते सैन्य जागचं हलायचं नाही. एका वर्षी शेजारच्या वाड्यातल्या किल्ल्यावर हल्ला करायचं ठरलं. ‘तुझा मावळा मेला’, ‘हट्, तो ढालीआड होता’ यातच दुपार गेली आणि शेवटी मावळे राहिले बाजूला, आम्हीच एकमेकांच्या अंगावर गेलो.

ढालीआड होता की नव्हता? या एवढ्याशा प्रश्नाभोवती एक अख्खा छंद उभा आहे, हे मला फार उशिरा कळलं. टेबलावर बोटभर उंचीचे सैनिक मांडून, फासे टाकत, फूटपट्टीनं अंतर मोजत चकमकी खेळणारी मोठी माणसं जगभर आहेत. नियमांची छापील पुस्तकं त्यांच्याकडे ढिगानं असतात. तरी खेळायला बसल्यावर पुस्तकात हाताने लिहिलेला एखादा कागद खोचलेला सापडतोच. हे घरचे नियम. आपल्या गल्ली क्रिकेटमध्ये नाही का, ‘एक टप्पा आउट’ आणि ‘काकूंच्या गॅलरीत गेला तर मारेल त्यानं आणायचा’? जात तीच.

या घरच्या नियमांची सगळ्यात लोभस गोष्ट इंग्लंडमधली आहे. एच. जी. वेल्स म्हणजे ‘टाइम मशीन’वाले वेल्स. केंट परगण्यात समुद्रकाठच्या सँडगेटला त्यांचं घर होतं आणि घरात पोरांची शिशाची खेळणी पसरलेली असायची. त्यात एक स्प्रिंगची छोटी तोफ होती. इंचभर लाकडी गोळा ती असा फेकायची की आठेक मीटरवरचा शिपाई दहातल्या नऊ वेळा आडवा व्हावा. एकदा जेवायला आलेल्या मित्राने ती उचलली आणि नेम धरला. वेल्स त्याला नुसतं ‘जे. के. जे.’ म्हणतात, पण हे जेरोम के. जेरोमच, असं सगळे धरून चालतात. दोन विनोदी, नामवंत लेखक भरल्या पोटी टेबलावरचे शिपाई टिपताहेत, हे चित्र मला त्या दोघांच्या कितीतरी पानांपेक्षा आवडतं.

नुसतं टिपण्यात मजा थोडा वेळ. मग शिपायांनी हलायला हवं. विश्वकोशाचे खंड मांडून डोंगरदऱ्या झाल्या आणि हळूहळू नियम आले. पायदळ एका खेळीत एक फूट चालणार, घोडदळ दोन फूट. तोफेच्या सहा इंचांत आपली चार माणसं नसतील तर ती हलणारही नाही, उडणारही नाही. मधे पडदा लावून दोघांनी आपापलं सैन्य मांडायचं, मग पडदा काढायचा. तरी एक भांडण उरलंच: समोरचा विचार करत बसतो, त्याचं काय? तर घड्याळ लावलं. दर तीस माणसांमागे एक मिनिट, प्रत्येक तोफेमागे आणखी एक. म्हणजे एकशेदहा माणसं आणि तीन तोफा असतील तर सात मिनिटांत खेळी उरकायची. हा नियम खोलीत बसून सुचणारा नाही. ताटकळून वैतागलेल्या माणसालाच तो सुचतो. १९१३ साली हे सगळं ‘लिटल वॉर्स’ नावाच्या पुस्तकात छापून आलं. पुढच्याच वर्षी खरं महायुद्ध पेटलं.

वेल्सच्या खेळात एक गंमत आहे. पायदळाच्या हातात बंदुका आहेत, पण त्या उडत नाहीत. गोळी सुटते ती तोफेतून, तीही खरीखुरी. शिपायाच्या वाट्याला फक्त अंगावर धावून जाणं. पुढच्या मंडळींना नेमकी ती न उडणारी बंदूक खुपली. एक बाहुली म्हणजे शंभर माणसांची तुकडी नव्हे, एक बाहुली म्हणजे एकच माणूस, असं धरलं की सगळे प्रश्न बदलतात. त्याला समोरचा दिसतो का? बंदूक भरलेली आहे का? घाबरलाय का? १९७० च्या सुमाराला ब्रिस्टलच्या काही दोस्तांनी अमेरिकेतल्या काउबॉय गोळीबारांसाठी असे एकेका माणसाचे नियम छापले. आज ज्याला चकमकीचा खेळ म्हणतात, त्याच्या मुळाशी हे नियम आहेत.

आता फाशांकडे या, कारण घरचे नियम फसतात ते इथेच. समजा भिंतीआडच्या शिपायाला टिपायला दोन फाशांवर अकरा किंवा जास्त हवेत. दोन फासे छत्तीस तऱ्हांनी पडतात, त्यातल्या तीनच तऱ्हा तुमच्या कामाच्या. कुणीतरी म्हणतं, ‘हवालदार शेजारी असेल तर एक वाढवून देऊ, एकानं काय होतंय?’ आता दहा पुरतात आणि दहा किंवा जास्त देणाऱ्या तऱ्हा सहा आहेत. शक्यता थेट दुप्पट! तोच एक उघड्यावरच्या शिपायाला लावा. सातऐवजी सहा, म्हणजे एकवीस तऱ्हांच्या जागी सव्वीस. जेमतेम चौथा हिस्सा वाढ. एकच फासा असता तर प्रत्येक पायरी सारखी, सहात एकानं वर. दोन फाशांच्या पायऱ्या मात्र किल्ल्याच्या असतात तशा, कुठे बसक्या आणि कुठे गुडघे फोडणाऱ्या. हे कळल्यापासून मला ‘फक्त एक’ म्हणणाऱ्या माणसाची धास्ती वाटते.

दुसरा प्रश्न वेळेचा. मी माझे सगळे शिपाई हलवणार, मग तू तुझे. तेवढ्यात माझा एक जण भर रस्त्यातून पलीकडे पळतो आणि तुझी मशिनगन नुसती बघत बसते, कारण तुझी पाळी नाही! यावरचे तोडगे एकापेक्षा एक आहेत. कुणी म्हणतं, आपल्या खेळीत गोळी झाडू नका, शत्रूच्या खेळीसाठी राखून ठेवा. २०१२ च्या ‘बोल्ट अॅक्शन’मध्ये प्रत्येक तुकडीमागे एक फासा पिशवीत टाकतात, हात घातल्यावर ज्याच्या रंगाचा निघेल त्याची एक तुकडी हलते. १९९६ च्या ‘क्रॉसफायर’नं तर फूटपट्टीच फेकून दिली. चाल हवी तितकी, शत्रू अडवेपर्यंत. वाचताना वेडेपणा वाटतो, पण अंतर मोजायचं बंद झाल्यावर उघड्यावर पाऊल टाकायलाच हात कचरतो.

आणि कागदावरचा एखादा नियम टेबल सोडून कुठच्या कुठे जातो. अमेरिकेत १९७१ साली गॅरी गायगॅक्स आणि जेफ पेरन यांचे ‘चेनमेल’ हे मध्ययुगीन लढायांचे नियम आले. ते घेऊन मिनेसोटातला डेव्ह आर्नेसन आपल्या दोस्तांना तळघरांत, भुयारांत फिरवायला लागला. लाडका वीर एका फटक्यात मेला की खेळणारे हिरमुसायचे. आर्नेसननं मग आपल्याच जुन्या आरमारी खेळातली युक्ती उचलली. चिलखती जहाज एका गोळ्यानं बुडत नाही, थोडं थोडं मोडत जातं. तसंच माणसाचंही मोजायचं. १९७४ साली गायगॅक्स आणि आर्नेसन यांच्या ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’मधून तो हिशेब बाहेर पडला. पहिली आवृत्ती एक हजार प्रतींची. आज मोबाइलवरच्या खेळात पोरांच्या डोक्यावर जिवाची जी पट्टी हळूहळू आटत जाते, तिच्या पूर्वजांत एक जहाज आहे.

गेल्या दिवाळीत मी भाच्याला घेऊन बसलो. स्प्रिंगची तोफ बाद, कारण मावळे प्लास्टरचे, पडले की मान तुटते. सापशिडीतले दोन फासे घेतले. उघड्यावर नऊ, ढालीआड अकरा. पहिल्या दहा मिनिटांतच आवाज आला, ‘मामा, तो ढालीआड होता!’ आम्ही वाकून, एक डोळा मिटून बघितलं. होता. तुटक्या हाताचा एक मावळा त्यानं ‘कच्चं लिंबू’ ठरवला. तो चालणार, लढणार, पण मरणार नाही. मग मी सहज म्हणालो, वरच्या सिंहासनावर नेम धरला तर किती लागतील? भाचा माझ्याकडे असा बघत राहिला की मीच ओशाळलो. त्यानं वहीचं पान फाडून मोठ्या अक्षरात लिहिलं: ‘नियम १. महाराजांवर नेम धरायचा नाही.’

दुसऱ्या नियमावर अजून वाद चालू आहे. दोन्ही बाजूंना मावळेच आहेत, आणि गनीम व्हायला कुणीच तयार नाही.