ट्रेडल, पायडल आणि ट्रेडमिल

पायाच्या शिवणयंत्राची खालची जाळीदार पट्टी, जुन्या छापखान्यातले ‘ट्रेडल’ मशीन आणि हृदयाच्या तपासणीसाठी करायची ‘ट्रेडमिल टेस्ट’ या तिन्हींचे नाते एका शब्दाशी आहे. जुन्या इंग्रजीत ‘ट्रेडन’ म्हणजे पाऊल टाकणे, तुडवणे. त्याला साधन दाखवणारा प्रत्यय लागून ‘ट्रेडल’ झाले, म्हणजे ज्यावर पाय द्यायचा तो दांडा किंवा पट्टी.

‘पेडल’चे घराणे वेगळे. ते लॅटिनमधील पाऊलवाचक शब्दापासून इटालियन-फ्रेंचमार्गे इंग्रजीत आले आणि सुरुवातीला ऑर्गन या वाद्याच्या पायपट्ट्यांसाठी वापरले गेले. संस्कृतमधील ‘पाद’ याच मोठ्या इंडो-युरोपीय कुळातला. आपला ‘पाय’ त्यातूनच आला. त्यामुळे सायकलच्या पेडलला ‘पायडल’ म्हणणारा माणूस नकळत दूरच्या नातलगांची गाठ घालून देतो!

ट्रेडलचे काम सोपे आहे. पाय पट्टी खाली-वर करतो. जोडदांडा आणि भुजा त्या हालचालीचे चाकाच्या फिरण्यात रूपांतर करतात. दांडा आणि भुजा एका रेषेत आले की पायाचा जोर क्षणभर वाया जातो. तेव्हा जड चाकाची गतीच यंत्राला पुढे नेते. फायदा दुहेरी: मांडी-पोटरीच्या मोठ्या स्नायूंची ताकद मिळते आणि दोन्ही हात मोकळे राहतात. म्हणूनच वीज नसलेल्या काळात दातांच्या डॉक्टरांनाही ट्रेडल सोयीचे ठरले. अमेरिकेत जेम्स मॉरिसन यांनी 1871 मध्ये पायाने चालणाऱ्या दंतयंत्राचे पेटंट घेतले. डॉक्टर पायाने यंत्र चालवी आणि हाताने दात कोरी.

ट्रेडमिलचा इतिहास मात्र कठोर आहे. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडच्या तुरुंगांत कैद्यांना मोठ्या चाकाच्या पायऱ्या तासन्‌तास चढाव्या लागत. विल्यम क्युबिट या अभियंत्याने हे चाक तुरुंगांसाठी तयार केले होते. पुढे 1963 मध्ये डॉ. रॉबर्ट ब्रूस यांनी मांडलेली पद्धत रूढ झाली. तिच्यात सरकत्या पट्ट्याचा वेग आणि चढ दर 3 मिनिटांनी वाढवतात आणि श्रमाच्या वेळी हृदयाचा आलेख तपासतात. चालताना छातीत दुखते, पण बसल्यावर काढलेला आलेख निर्दोष येतो, अशा रुग्णाचा दोष यात उघड होऊ शकतो.

एकेकाळी शिक्षा म्हणून तुडवलेली पायरी आज वेळीच धोक्याची सूचना देते. शब्द तोच, पाऊलही तेच. हेतू तेवढा बदलला.