कुत्र्याला पनीर चालते का?

लग्नसराईचे दिवस होते. वाशीमजवळच्या एका गावी पंगत उठली आणि नववीत शिकणाऱ्या माझ्या पुतण्याने ताटात उरलेली पनीरची भाजी दारातल्या कुत्र्यापुढे टाकली. शेजारी बसलेले आजोबा म्हणाले, "कुत्र्याले तूप पचत नाही बाबू, पनीर काय पचते!" पुतण्याने माझ्याकडे पाहिले. मी शिकवतो पदार्थविज्ञान, आणि प्रश्न होता पचनाचा! पण त्यातले गणित आपल्याला नक्कीच करता येईल.

आधी दुधाचा विचार करू. गाईच्या १०० ग्रॅम दुधात सुमारे ५ ग्रॅम दुग्धशर्करा (लॅक्टोज) असते. तिचा रेणू जसाच्या तसा आतड्यातून रक्तात शोषला जात नाही. लॅक्टेज नावाचे विकर आधी त्याचे दोन तुकडे करते. पिल्लू आईचे दूध पिते, तोवर त्याच्याजवळ हे विकर भरपूर असते. दूध सुटले की बहुतेक कुत्र्यांत ते कमी होत जाते. मग न पचलेली शर्करा आतड्यात पुढे सरकते आणि तेथे तुमच्या ओळखीचे परासरण सुरू होते. शर्करेमुळे आतड्यात पाणी ओढले जाते. जीवाणू ती आंबवतात व वायू तयार होतो. पोट फुगते, हगवण लागते.

आता पनीर. तापलेल्या दुधात लिंबू पिळले की प्रथिने व स्निग्धांश यांचा गोळा होतो आणि हिरवट पाणी वेगळे होते. शर्करा विरघळलेली असते ती या पाण्यात! म्हणून तिचा मोठा भाग पाण्याबरोबरच निघून जातो. दाबलेल्या पनीरमध्ये साधारण निम्मे पाणी उरते. म्हणजे १०० ग्रॅम पनीरमध्ये शर्करा सुमारे अडीच ग्रॅम. एका वाटीभर, म्हणजे २०० ग्रॅम दुधातून कुत्र्याच्या पोटात १० ग्रॅम शर्करा जाईल. २० ग्रॅमच्या पनीरच्या तुकड्यातून मात्र अवघी अर्धा ग्रॅम. वीसपट फरक!

मग आजोबा चुकले काय? पूर्णपणे नाही. दुधातला स्निग्धांश पनीरमध्ये एकवटतो. १०० ग्रॅम पनीरमध्ये तो २० ग्रॅम किंवा त्याहूनही अधिक असतो. कुत्र्याला स्निग्ध पदार्थ एरवी पचतात; पण सवय नसताना एकदम पुष्कळ खाल्ले तर स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. वारंवार उलट्या, पोटदुखी, मलूलपणा ही तिची लक्षणे. ती दिसताच पशुवैद्यकाकडे न्यावे. हा आजार जिवावरही बेततो.

किती द्यावे, याचा एक ठोकताळा आहे. वरखाऊ दिवसाच्या एकूण ऊर्जेच्या दहाव्या हिश्शापेक्षा जास्त नसावा. १० किलो वजनाच्या कुत्र्याला दिवसाला सुमारे ६०० किलोकॅलरी लागतात. त्यांचा दहावा हिस्सा ६०. तेवढी ऊर्जा साधारण २० ग्रॅम पनीरमध्ये मिळते. म्हणजे बिनमिठाचे, साधे पनीर सुपारीएवढ्या दोन-तीन तुकड्यांत दिले तर बहुतेक निरोगी कुत्र्यांना चालते. दुकानातल्या मऊ चीजलाही हाच नियम लावावा. मात्र त्यात मीठ अधिक असते. निळ्या बुरशीचे चीज तर मुळीच देऊ नये, कारण त्या बुरशीतील विषाने कुत्र्याला झटके येऊ शकतात.

पण पुतण्याने टाकले ते साधे पनीर नव्हते, भाजी होती! तिच्या रश्श्यात कांदा आणि लसूण होते. ही दोन्ही, शिजवलेली असली तरी, कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात, आणि परिणाम काही दिवसांनी दिसतो. शरीराच्या दर किलोमागे १५ ते ३० ग्रॅम कांदा पोटात गेल्यास रक्तात घातक बदल आढळले आहेत. श्रीखंडातले बेदाणेही धोक्याचेच. ते मूत्रपिंडांवर आघात करू शकतात.

मग दारच्या कुत्र्याला द्यावे तरी काय? आपली ज्वारीची भाकर! पिष्टमय पदार्थ पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात, हे स्वीडनमधील शास्त्रज्ञांनी २०१३ साली दाखवून दिले. माणसाच्या सोबतीने राहता राहता कुत्र्याचे पोटही बदलले. पण आपल्या ताटातले सगळेच पचवण्याइतके नव्हे.

पुतण्याने उरलेली भाजी उचलली आणि आतून भाकरीचा तुकडा आणला. कुत्र्याने तोही तितक्याच आवडीने खाल्ला.