नशिबाच्या माथीं किती मारावें?

माझा सारा जन्म मुलांना शिकविण्यांत गेला. मी वकील नव्हे, आणि कायद्याचा पंडित तर नव्हेच. तरीहि आज कायद्याच्या एका विषयावर आपणांशीं बोलण्याचें धाडस करीत आहें, त्याला एक कारण आहे. तें प्रथम सांगतों.

सुमारें पस्तीस वर्षांपूर्वींची गोष्ट. मी ज्या शाळेंत होतों तेथें फळा लांकडी तिवईवर उभा केलेला असे. ज्या खुंट्यांवर तो टेकत असे त्यांतली एक सैल झाली होती. आठ दिवस मला ती दिसत होती. सुताराला सांगूं, उद्यां सांगूं, असें म्हणतां म्हणतां राहून गेलें. एके दिवशीं पुढच्या रांगेंतला एक मुलगा पडलेला खडू उचलावयास वांकला आणि फळा त्याच्या उजव्या हातावर कोसळला. तर्जनीचें हाड मोडलें. तें पुढें वांकडेंच जुळलें. दुसऱ्या दिवशीं त्याचा बाप शाळेंत आला. मी मनांतून घाबरलों होतों. पण त्यानेंच हात जोडले व म्हणाला, "गुरुजी, पोराच्या नशिबांत होतें. तुम्ही मनाला लावून घेऊं नका." मीं मान हलविली. खुंटीची गोष्ट मात्र मीं त्याला सांगितली नाहीं.

"होणार होतें तें झालें" हें वाक्य आपल्या घराघरांत ऐकूं येतें. दुःखानें पोळलेल्या माणसाला त्यानें धीर येतो, म्हणून मी त्याची थट्टा करणार नाहीं. पण ज्याच्या हयगयीमुळें दुःख ओढवलें त्यालाहि तें वाक्य तितकाच आराम देतें, हें मी अनुभवानें सांगतों. म्हणून कायदा नशिबाची चौकशी न करतां दोन साधे प्रश्न विचारतो : हें टळण्यासारखें होतें काय? आणि टाळणें कोणाचें काम होतें?

कायद्याच्या ह्या शाखेस अपकृत्याचा कायदा म्हणतात. फौजदारी कायदा अपराध्याला शिक्षा करतो; हा कायदा झालेली हानि भरून देववितो. हेतु दुष्ट असलाच पाहिजे असें येथें नाहीं. भला माणूसहि निष्काळजी असूं शकतो, आणि फळा कांहीं भल्याबुऱ्याचा विचार करून पडत नाहीं.

ह्या कायद्याला आजचें रूप येण्यास एक गोगलगाय बरीच कारण झाली. २६ ऑगस्ट १९२८ रोजीं स्कॉटलंडांतील पेस्ली गांवीं मे डोनोह्यू नांवाच्या बाई मैत्रिणीसह एका उपाहारगृहांत गेल्या. मैत्रिणीनें त्यांच्यासाठीं जिंजर बिअर मागविली. नांव बिअरचें असलें तरी तें आल्याचें पेय. बाटलीची कांच गडद, त्यामुळें आंतलें कांहीं दिसत नव्हतें. थोडें पेय पिऊन झाल्यावर उरलेलें ओततांना त्यांतून कुजलेल्या गोगलगाईचे अवशेष बाहेर आले, आणि आपण त्यामुळें आजारी पडलों, असें बाईंचें म्हणणें होतें.

आतां अडचण पाहा. पैसे मैत्रिणीनें दिलेले. म्हणजे करार दुकानदार आणि मैत्रीण यांच्यांतला. पेय बनविणाऱ्या कारखानदाराशीं बाईंचा कसलाच करार नव्हता, आणि करार नाहीं तर दाद नाहीं, अशीच त्या काळीं सर्वसाधारण समजूत होती. बाई दुकानांत नोकरी करणाऱ्या, हलाखीच्या स्थितींतल्या. आपली सारी मालमत्ता पांच पौंडांचीहि नाहीं, असें त्यांनीं अर्जांत लिहून दिलें; म्हणून खर्चाची हमी न भरतां त्यांचें गाऱ्हाणें लंडनच्या हाऊस ऑफ लॉर्ड्सपुढें जाऊं शकलें. २६ मे १९३२ रोजीं तीन विरुद्ध दोन अशा मतांनीं निकाल त्यांच्या बाजूनें लागला. पुढें प्रकरण आपसांत मिटलें, त्यामुळें बाटलींत गोगलगाय खरोखर होती कीं नव्हती, याचा साक्षीपुराव्यानें निर्णय झालाच नाहीं! परंतु तत्त्व मात्र कायम झालें.

तें तत्त्व लॉर्ड ॲटकिन यांनीं शेजारधर्माच्या भाषेंत मांडलें. भिंतीपलीकडे राहतो तेवढाच शेजारी नव्हे. माझ्या कृतीची किंवा आळसाची झळ ज्याला लागेल हें मला आधींच दिसावयास हवें, तो प्रत्येकजण माझा शेजारी. औषधें बनविणाऱ्याचा शेजारी दूरच्या गांवचा रोगी, आणि घर बांधणाऱ्याचा शेजारी त्या घरांत पुढें राहावयास येणारें बिऱ्हाड.

यावरून न्यायालयापुढें चार प्रश्न उभे राहतात. काळजी घेण्याचें कर्तव्य होतें काय? त्यांत हयगय झाली काय? त्या हयगयीमुळेंच इजा झाली काय? आणि इजा किती झाली? चारहि पायऱ्या चढाव्या लागतात. एक निसटली कीं दावा पडतो. जखमी माणसाचीहि कांहीं चूक असेल, तर त्या प्रमाणांत भरपाई कमी होते.

हयगय सिद्ध करणें हेंच बहुधा कठीण असतें. परंतु कधीं कधीं घटना स्वतःच साक्ष देते. दिल्लीच्या चांदणी चौकांतील घड्याळाचा मनोरा १९५१ सालीं कोसळला. त्याखालीं सांपडून जे दगावले त्यांपैकीं तिघांच्या वारसांनीं महानगरपालिकेवर दावे केले. मनोरा सुमारें ८० वर्षांचा. त्याला वापरलेला चुना पाहतां त्याचें आयुष्य ४०-४५ वर्षांचेंच, असें पुराव्यांत निघालें. दोष वरून दिसत नव्हता, ही सबब सर्वोच्च न्यायालयानें १९६६ मध्यें मानली नाहीं. भर रस्त्यावरचा मनोरा आपण होऊन पडत नसतो. तो ज्याच्या ताब्यांत, त्यानेंच तो वेळोवेळीं तपासावयास हवा होता.

दुसरें उदाहरण आपल्या घरचें आहे. मे १९५३ मध्यें रत्नागिरी जिल्ह्यांतील पालशेतच्या समुद्रकिनाऱ्यावर एका तरुणाच्या मांडीचें हाड मोडलें. त्याला पुण्यास एका रुग्णालयांत आणलें. तेथें पुरेशी भूल न देतां जोर लावून हाड बसविण्याचा यत्न झाला, आणि त्याच दिवशीं रात्रीं तो मुलगा गेला. त्याचे वडील स्वतः डॉक्टर होते. काय चुकलें तें त्यांना कळलें. तीन हजार रुपयांचा हुकूमनामा झाला, आणि १९६८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें तो कायम केला. त्या निकालांत वैद्याचीं तीन कर्तव्यें सांगितलीं आहेत : रोगी हातीं घ्यावा कीं नाहीं हें ठरवितांना काळजी, उपचार कोणता करावा हें ठरवितांना काळजी, आणि तो उपचार करतांना काळजी. रोगी बरा होईलच अशी हमी कायदा वैद्याकडून मागत नाहीं. रास्त कौशल्य आणि रास्त दक्षता एवढेंच मागतो.

"पण गेलेला जीव पैशानें परत येतो काय?" असें कोणी विचारील. नाहीं येत. मात्र त्याच्या मागें चूल राहते, शाळेंत जाणारीं मुलें राहतात. मोटार अपघातांच्या दाव्यांत हा हिशेब कसा करतात, तो मास्तराच्या पद्धतीनें सांगतों. तीस वर्षांचा गृहस्थ, महिना २०,००० रुपये मिळविणारा, मागें चौघें अवलंबून. वर्षाचे २,४०,००० झाले. त्यांतून त्याच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करा, उरले १,८०,०००. सर्वोच्च न्यायालयानें २००९ सालीं सरला वर्मा खटल्यांत ठरविलेल्या कोष्टकांत ह्या वयाला गुणक १७ आहे. गुणाकार ३०,६०,००० रुपये. शिवाय पुढें वाढणारी मिळकत धरून २०१७ च्या निर्णयाप्रमाणें आणखी भर पडते. आणि गृहिणींनो, घरकामाला मोल नाहीं असें समजूं नका. जमशेदपूर येथें १९८९ मध्यें मांडवाला आग लागून अनेक स्त्रिया व मुलें गेलीं. त्या प्रकरणांत २००१ सालीं सर्वोच्च न्यायालयानें गृहिणीच्या कष्टांचें मोल महिना ३,००० रुपये धरलें. रक्कम लहान असेल, पण तें शून्य नव्हे, हें न्यायासनावरून सांगितलें गेलें.

कांहीं व्यवहाराच्या गोष्टी. अपघात झाल्यावर औषधोपचाराचे कागद, पावत्या, छायाचित्रें, पोलिसांचा पंचनामा हीं सारीं जपून ठेवावीं. प्रत्यक्ष पाहणाऱ्यांचीं नांवें लगेच टिपून घ्यावीं. दाव्यांना मुदत असते, म्हणून चालढकल करूं नये. आणि वकिलाचा खर्च झेपत नाहीं म्हणून गप्प बसूं नये : १९८७ च्या विधि सेवा कायद्यान्वयें स्त्रिया, मुलें, कामगार व अल्प उत्पन्नाचीं माणसें यांना विनामूल्य साहाय्य मागतां येतें.

आतां पुन्हां माझ्या फळ्याकडे येतों. पुढें हे चार प्रश्न वाचनांत आले, तेव्हां मीं ते स्वतःलाच घातले. वर्गांतल्या मुलांची काळजी घेणें माझें कर्तव्य होतें काय? होतें. हयगय झाली काय? आठ दिवस झाली. तिच्यामुळेंच इजा झाली काय? दुसरें कांहींच कारण नव्हतें. आणि इजा किती? तो मुलगा पुढें दोन वर्षें माझ्याच वर्गांत होता. लेखणी तो अंगठा व मधलें बोट यांत धरून लिही, आणि परीक्षेंत त्याचा शेवटचा प्रश्न नेहमीं अपुरा राही. मी त्याचे गुण कापीत असें.

त्याचा बाप आज हयात नाहीं. माझ्यावर दावा लावण्याचें त्याच्या स्वप्नांतहि आलें नसतें, आणि म्हणूनच खरें काय तें सांगण्याचें काम माझें होतें. जबाबदारी लादली जाण्यासाठीं न्यायालय आहे. पण ती पत्करण्यासाठीं न्यायालयाची गरज नसते. आपल्याहि घरीं, दुकानीं, कचेरींत एखादी खुंटी सैल असेल. श्रोतेहो, ती उद्यांवर टाकूं नका. आणि तिच्यामुळें कोणाला इजा झालीच, तर तो बिचारा नशिबाचें नांव घेण्याआधीं आपण आपलें नांव सांगावें, इतकीच माझी विनंति आहे.