टपालाची कीर्द व खतावणी

डिचोली तालुक्यातील मुळगाव हे लोहखनिजाच्या पट्ट्यातील गाव. २०१२ साली गोव्यातील खाणी थांबल्या. पुढे ७ फेब्रुवारी २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ८८ खाणपट्ट्यांचे नूतनीकरण रद्द केले, तेव्हा त्या पुन्हा थांबल्या. परंतु खाण थांबली म्हणून येणे-देणे थांबत नाही. दर कोणी कबूल केला, माल केव्हा पोचला, हे वर्षांनंतर दाखवावयाचे तर जुना पत्रव्यवहारच कामी येतो. पूर्वी तो फायलींत असे. आता बहुतांशी ई-मेलमध्ये असतो. ज्या पेढ्यांनी ई-मेलचा सर्व्हर स्वतःच्या कचेरीत ठेवला आहे, त्यांच्यासाठी या दप्तराची व्यवस्था कशी राखावी, हे आम्ही थोडक्यात सांगत आहोत. उदाहरणास मायक्रोसॉफ्टचा एक्स्चेंज सर्व्हर घेऊ.

प्रत्येक कर्मचाऱ्याची एक पत्रपेटी असते आणि अशा अनेक पेट्या एका मोठ्या फाइलीत साठविलेल्या असतात. हिला डेटाबेस म्हणतात. ही आपली खतावणी होय. मात्र कोणताही बदल सर्व्हर प्रथम ‘लॉग’ नावाच्या फाइलींत टिपतो आणि मग सवडीने डेटाबेसमध्ये चढवितो. ही झाली रोजकीर्द. प्रत्येक लॉग फाइल १ मेगाबाइटची असते. ऐन कामात वीज गेली, तर पुन्हा सुरू होताना सर्व्हर ही कीर्द वाचून खतावणी पुरी करतो. कीर्दीवाचून अर्धवट खतावणी जुळत नाही, हे आपणा व्यापाऱ्यांस निराळे सांगावयास नको.

येथेच मोठी चूक घडते. लॉग साठत जाऊन डिस्क भरते, डेटाबेस बंद पडतो आणि टपाल थांबते. मग कोणी घाईने लॉग फाइली हाताने पुसून टाकतो. असे कदापि करू नये. एक्स्चेंज ओळखणाऱ्या साधनाने डेटाबेसची पूर्ण प्रत, म्हणजे बॅकअप, घेतला की खतावणीत चढलेले जुने लॉग आपोआप काढले जातात. लॉग साठत असतील तर बॅकअप होत नसावा, असे प्रथम समजावे. जुने लॉग सतत काढून टाकण्याची ‘सर्क्युलर लॉगिंग’ नावाची सोयही आहे. पण ती स्वीकारल्यास बॅकअपवरून फक्त बॅकअपच्या क्षणापर्यंतचेच टपाल परत मिळते. त्यानंतरचे गेलेच.

दुसरी गोष्ट. पत्रे पुसली तरी डेटाबेसची फाइल लहान होत नाही. रिकामी जागा नव्या पत्रांसाठी आत राखली जाते. जागा खरोखर मोकळी करावयाची तर नवा डेटाबेस उघडून पेट्या त्यात हलवाव्यात आणि त्या सुखरूप पोचल्याची खात्री झाल्यावरच जुना काढावा.

तिसरी गोष्ट मुदतीची. मूळ मांडणीत पुसलेले पत्र १४ दिवस आणि काढलेली पेटी ३० दिवस परत मिळू शकते. म्हणून नोकरी सोडून गेलेल्या मुनिमाची पेटी लगोलग काढू नये. २०१३ च्या कंपनी कायद्याप्रमाणे कंपन्यांनी हिशेबाची पुस्तके व त्यांची व्हाउचरे ८ वर्षे जपावयाची असतात. त्यापुढे ३० दिवस ते किती? तसेच २०१६ व २०१९ च्या आवृत्त्यांना मायक्रोसॉफ्टचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. त्या वापरणाऱ्यांनी पुढील व्यवस्था विनाविलंब करावी.

डेटाबेस व लॉग निरनिराळ्या डिस्कांवर ठेवावेत आणि बॅकअपची एक प्रत कचेरीबाहेर असावी. पण प्रत आहे एवढ्यावर निश्चिंत राहू नये. दीपावलीस आपण वह्यांचे पूजन करतो. त्या सुमारास बॅकअपवरून एक डेटाबेस निराळा उभा करून त्यातील गतवर्षीचे एखादे पत्र उघडून पाहावे. ते उघडले, तर पेढीचे दप्तर शाबूत आहे. न उघडल्यास ते त्याच दिवशी कळावे. न्यायालयात पुरावा मागितला जाईल त्या दिवशी नव्हे.