शेजाऱ्यानं अंगणात काय टांगलंय जी?

पांढुर्ण्याच्या कोणत्याही नव्या कॉलनीत सकाळी फिरायला निघा. तीन-चार फाटकं ओलांडली की एक दिसतंच: दोन्ही बाजूंना सुतळीने बांधलेल्या प्लास्टिकच्या बाटल्या, आत लाल पाणी. सौंसरकडे जा, तिथेही हाच थाट. कुठे लाल, कुठे निळा. घरमालकाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "कुत्रे येत नाही ना जी!" आणि हे उत्तर सुरू असतानाच एखादं कुत्रं त्याच बाटलीखाली निवांत पाय वर करून उभं असतं.

शेजाऱ्याच्या अंगणातली असली कोडी सोडवायची माझी एक साधी रीत आहे. ही वस्तू चांगली दिसते का, हे विचारायचंच नाही. ती कोणासाठी लावली, एवढंच विचारायचं. कुत्र्यासाठी, वानरासाठी, अलक्ष्मीसाठी, मारबतीसाठी, की नगरपालिकेसाठी? अंगणातली प्रत्येक सजावट ही कोणाच्या तरी नावाची चिठ्ठी असते. गंमत अशी की जिच्या नावाची असते, ती व्यक्ती (किंवा ते कुत्रं) ती क्वचितच वाचते. वाचतो भलताच कुणी.

बाटल्यांपासूनच पाहू. लाल पाणी होतं कुंकवाने नाहीतर होळीच्या उरलेल्या रंगाने. निळ्यासाठी कपड्याच्या निळीचे चार थेंब पुरतात. आता कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोनच प्रकारच्या, आपल्यासारख्या तीन नाहीत. जे नाइट्झ आणि त्याच्या सहकाऱ्यांनी १९८९ साली अवघ्या तीन कुत्र्यांवर चाचण्या घेऊन हे दाखवून दिलं. कुत्र्याला निळा दिसतो, पिवळा दिसतो. लाल मात्र मळकट तपकिरी वाटतो. म्हणजे लाल बाटलीवाल्यांची निम्मी मेहनत कुत्र्यापर्यंत पोचतच नाही. निळीवाले या वादात पुढे आहेत, पण दिसणं वेगळं आणि भिणं वेगळं.

ही युक्ती फक्त आपलीच, असंही नाही. न्यूझीलंडमध्ये १९८०च्या दशकात इऑन स्कॅरो नावाच्या बागकाम-तज्ज्ञाने हिरवळीवर पाण्याच्या बाटल्या ठेवा, कुत्री घाण करणार नाहीत, असा सल्ला दिला. दिवस होता एक एप्रिल. त्याने थट्टा केली आणि लोकांनी बाटल्या भरल्या. जपानमध्ये हाच उपाय मांजरांवर करतात आणि तिथलं अग्निशमन दल त्याबद्दल इशारे देतं. कारण स्वच्छ पाण्याने भरलेली गोल बाटली भिंगासारखं काम करते, ऊन एका जागी गोळा करते आणि आग लागल्याची उदाहरणं तिथे आहेत. मांजर राहिलं बाजूला. आपल्याकडच्या मे महिन्याच्या उन्हात वाळलेल्या कुडाजवळ बाटली ठेवणाऱ्याने एवढं जरूर ध्यानात घ्यावं.

निळ्या पायजम्यातलं झाड

संत्र्याच्या या पट्ट्यात पुण्या-मुंबईचा पाहुणा आला की त्याला आणखी एक कोडं पडतं. अंगणातल्या संत्र्याच्या झाडाला बुंध्यापासून कमरेपर्यंत फिकट निळा रंग! पाहुण्याला वाटतं, दिवाळीत भिंतीचा रंग उरला असेल. तो असतो बोर्डो मलम. एक किलो मोरचूद, एक किलो कळीचा चुना, दहा लिटर पाणी. मोरचूद वेगळं भिजवायचं, चुना वेगळा, मग दोन्ही एकत्र. भांडं लोखंडी चालत नाही, प्लास्टिकचं किंवा मातीचं हवं. मिश्रण बरोबर झालं का, हे पाहायला जुने बागाईतदार त्यात विळ्याचं पातं बुडवतात. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला समजायचं. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर हा लेप दिला की झाडाला डिंक्या रोगापासून आधार मिळतो. बुंध्यातून डिंक गळायला लावणारी फायटोफ्थोरा ही बुरशी ओल्या मातीतून वर चढते, म्हणून निळा पायजमा खालूनच घालायचा.

खरी मजा या मलमाच्या जन्मात आहे. फ्रान्समध्ये बोर्दोजवळ मेदोक नावाचा द्राक्षांचा मुलूख आहे. तिथले शेतकरी रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुन्याचा निळसर, ओंगळ राप चढवायचे. रोगाबिगासाठी नव्हे! येणारे-जाणारे घड तोडून खायचे, त्यांना ते विषारी वाटावेत म्हणून. १८८२ साली बोर्दो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक मियार्दे तिथून जात होते. त्यांनी पाहिलं, आतल्या वेली केवडा नावाच्या रोगाने झडल्यात आणि रस्त्याकडेच्या मात्र हिरव्यागार. हा केवडा तेव्हा अमेरिकेतून नुकताच फ्रान्समध्ये येऊन पोचला होता आणि द्राक्षबागांची दाणादाण उडवत होता. मियार्दे यांनी प्रयोग केले, १८८५ साली कृती छापली आणि बोर्डो मिश्रण जगभर गेलं. आज ते नाशिकच्या द्राक्षांवरही जातं.

म्हणजे चिठ्ठी लिहिली होती चोराला आणि वाचली बुरशीने. अंगणात काहीबाही लावणाऱ्या शेजाऱ्याला हसण्याआधी मी मियार्दे यांची आठवण काढतो. त्यांनी थांबून विचारलं, "हे इथं का लावलं?" नाहीतर तो राप शेतकऱ्याचा विक्षिप्तपणा म्हणूनच राहिला असता.

दारातच पाहुणचार

लिंबू-मिरची आपण सगळेच पाहतो. शनिवारी जुनी उतरते, नवी चढते. पण तिचा पत्ता कोणाचा, हे किती जणांना ठाऊक असतं? नजर लागू नये म्हणून, हे झालं ढोबळ उत्तर. जुनी बायामाणसं सांगतात ते जास्त मजेदार आहे. लक्ष्मीची थोरली बहीण अलक्ष्मी हिला आंबट-तिखट आवडतं. ते तिला दारातच मिळालं की ती तिथेच तृप्त होऊन परत फिरते, आत येत नाही. म्हणजे ही धमकी नाहीच. नको असलेल्या पाहुणीला उंबऱ्याबाहेरच जेवू घालून वाटेला लावायचं. याहून चतुर शिष्टाचार मला तरी माहीत नाही.

लिंबाच्या खाली काळा बिब्बा ओवलेला असतो, त्याची गोष्ट वेगळी. तो जंगलातलं खरंखुरं हत्यार आहे. त्याचं तेल अंगाला लागलं की फोड उठतात. याच तेलाने धोबी कपड्यांवर खुणा करायचे. त्या धुतल्या तरी जात नसत. आणि त्याच बिब्ब्याच्या आतली गोडंबी बाळंतिणीच्या डिंकाच्या लाडवात पडते. दारावर पहारेकरी, स्वयंपाकघरात पौष्टिक.

दाराच्या चौकटीला उलटी टांगलेली कोरफड पाहून "बिचारी वाळून जाईल" म्हणू नका. तिला माती नसली तरी महिनोन् महिने चालतं. पानांत पाणी साठवलेलं असतं आणि पानांवरची छिद्रं ती दिवसा मिटून घेते, रात्री उघडते. उन्हात तिचा घाम निघतच नाही. घरमालकाला वाटतं नजर शोषून हिरवी आहे. कोरफडीचं आपलं रात्रपाळीचं काम चालू असतं.

काटेरी झाडाच्या टोकांवर अंड्याची टरफलं खोचलेली दिसली, तर तीही कोणाच्या नजरेसाठी असू शकतात किंवा अंगणात खेळणाऱ्या पोराच्या डोळ्यासाठी. दुसरं कारण मला पटतं.

बांधकाम चालू असलेल्या घरावरचा जीभ काढलेला राक्षस, काळी बाहुली, तुटकी चप्पल यांचा पत्ता एकच. सांगायची गरज नाही. एवढंच की नजर खिळून राहावी म्हणून लावलेला राक्षस आता बाजारात इतक्या घरांना सारखाच मिळतो की त्याच्याकडे कोणी पाहत नाही.

टायरचा हंस

जुना टायर कापून, उलटा करून, पांढरा रंग देऊन केलेला हंस. पोटात सदाफुली. हौस म्हणून झकास, पण या चिठ्ठीची खरी वाचक म्हणजे डेंग्यूची एडिस डासीण. टायरच्या वळणात साचलेलं वाटीभर पाणी तिला पुरतं आणि तिची अंडी कोरडी पडूनही महिनोन् महिने टिकतात. एडिसच्याच जातभाईने, आशियाई वाघडासाने, जुन्या टायरांच्या जहाजांतून अमेरिका गाठली. १९८५ साली टेक्सासात त्याचं बस्तान बसलेलं आढळलं. हंसाच्या बुडाला दोन भोकं पाडली की प्रश्न मिटतो.

पळसाची फांदी

२०२३ साली छिंदवाड्यातून वेगळा जिल्हा झालेला हा पांढुर्णा-सौंसरचा मुलूख कागदोपत्री मध्य प्रदेशात, पाट्या हिंदीत, पण सणवार वऱ्हाड-नागपूरचेच. पोळ्याच्या दिवशी दाराच्या दोन्ही अंगांना पळसाच्या फांद्या उभ्या राहतात. त्यांना मेढे म्हणतात. बाहेरगावच्या माणसाला वाटावं, झाड छाटलं आणि कचरा उचलायचा राहिला. दुसऱ्या दिवशी, करीच्या पहाटे, पोरं त्या फांद्या उचलतात आणि रोगराई, खोकला, माशा, ढेकूण सगळं मारबतीच्या, म्हणजे इडापीडा वाहून नेणाऱ्या पुतळ्याच्या, हवाली करत गावाबाहेर नेऊन टाकतात. नागपुरात त्याच दिवशी काळी आणि पिवळी मारबत निघते; काळी १८८१पासूनची, पिवळी १८८५पासूनची. पिवळी मारबत आणि मियार्दे यांचं बोर्डो एकाच वर्षाचं, हा निव्वळ योगायोग, पण मला आवडलेला.

आणि पांढुर्ण्यात? त्याच दिवशी, त्याच पळसाचं एक आख्खं झाड जाम नदीच्या पात्रात रोवलं जातं, त्यावर झेंडा लागतो आणि पांढुर्णा व सावरगाव या दोन काठांत गोटमार, म्हणजे एकमेकांवर दगडफेक, होते. झेंडा शेवटी चंडी मातेच्या मंदिरात जातो. दरवर्षी शेकडो माणसं जखमी होतात, जीवही गेलेत. दारातला मेढा इडापीडा बाहेर नेतो आणि नदीतला दवाखाना भरवतो. त्या झाडाची गंमत सांगायला माझी जीभ वळत नाही, म्हणून पुढे जातो.

वाघ, लंगूर आणि रंगवलेला कुत्रा

गच्चीच्या कठड्यावर पोरांच्या खेळण्यातला मळका, कापसाचा वाघ ऊन खात बसलेला दिसला, तर तो वानरांसाठी. संत्री, पेरू, पपई, वाळत घातलेल्या कुरड्या, कशावरच वानरांची दया नाही. दिल्लीत २०२३च्या जी-२० परिषदेच्या वेळी माकडं पळवायला रस्तोरस्ती काळ्या तोंडाच्या लंगुराचे मोठाले कटआउट उभे केले होते. तो उपाय इथे चालायचा नाही, कारण आपल्या छपरावर उड्या मारतात ते लंगूरच! त्यांना स्वतःचाच फोटो दाखवून काय होणार? म्हणून वाघ लागतो. कर्नाटकात तीर्थहळ्ळीच्या भागातल्या एका शेतकऱ्यानेही आधी खेळण्यातलाच वाघ ठेवून पाहिला. त्याचा रंग उन्हात उडाला, तेव्हा २०१९ साली त्याने आपल्या पाळीव कुत्र्यालाच वाघाचे पट्टे रंगवले. माकडं खरंच दचकली म्हणतात. कुत्र्याचं मत कोणी घेतलं नाही.

शेताच्या कडेने फडफडणाऱ्या जुन्या साड्या रानडुकरांसाठी, झाडाला लटकलेल्या सीडी पाखरांसाठी. घरात सीडी वाजवायचं यंत्र उरलं नाही, पण पाखरांना अजून चकाकी कळते.

परदेशी शेजारीही काही कमी नाहीत

इंग्लंडच्या बागांतले टोपीवाले दाढीवाले मातीचे बुटके आपण चित्रांत पाहिलेत. सर चार्ल्स आयशम या जमीनदाराने १८४७ साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्गहून असे एकवीस बुटके आणून लॅम्पोर्ट हॉलच्या बागेत मांडले. आज त्यातला एकच शिल्लक आहे, त्याचं नाव लॅम्पी आणि विमा दहा लाख पौंडांचा! चेल्सीच्या नामांकित फुलांच्या प्रदर्शनात मात्र या बुटक्यांना बराच काळ मज्जाव होता. २०१३ साली, शताब्दीच्या निमित्ताने, त्यांना आत सोडलं.

चंडीगडच्या नेकचंदांनी १९५७पासून सरकारी जागेत लपूनछपून फुटक्या बांगड्या, कपबश्या आणि संडासाच्या भांड्यांची बाग केली. सरकारला ती सापडली तेव्हा जवळपास अठरा वर्षं उलटली होती. पाडायचं सोडून सरकारने १९७६ साली ती लोकांना खुली केली.

पण अव्वल नंबर ऑक्सफर्डजवळच्या हेडिंग्टनचा. ९ ऑगस्ट १९८६च्या पहाटे तिथल्या एका साध्या घराच्या छपरात पंचवीस फुटी शार्क मासा खुपसलेला होता. डोकं जणू घरात, शेपूट आकाशात. दिवस मुद्दाम निवडलेला, नागासाकीच्या बॉम्बहल्ल्याला त्या दिवशी ४१ वर्षं पूर्ण होत होती. मालक बिल हाइन, शिल्पकार जॉन बकली. नगरपालिकेने परवानगी नाही म्हणून मासा हटवायला सांगितलं, भांडण सहा वर्षं चाललं आणि १९९२ साली वरच्या सरकारने निकाल माशाच्या बाजूने दिला. २०२२ साली त्याच नगरपालिकेने त्या माशाला वारसा यादीत मानाने बसवलं. तेव्हा मालकाचा मुलगाच चिडला. वडिलांनी तो मासा परवानगी देणाऱ्या बाबूंच्या नाकावर टिच्चून लावला होता, आता तेच बाबू त्याचं रक्षण करणार!

सौंसरला कोणी छपरावर असा शार्क बसवलाच, तर बॉम्ब, निषेध, कला वगैरे सगळं नंतर. समोरची काकू आधी फाटकाशी येऊन विचारेल, "वांदरं पळतात का जी याच्यानं?"